कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम शिकणाऱ्याने एडिटर कोणता घ्यावा?

चोपड्याच्या बाजारात केळीवाला घ्या, कापसाचा अडत्या घ्या की किराणावाला, गल्ल्याशेजारी कॅल्क्युलेटर असतोच. दिवसातून शंभर वेळा त्याची बटणे दाबली जातात. त्या बटणांच्या आत काय चालते हे दुकानदाराला ठाऊक नसले म्हणून त्याचा धंदा अडत नाही. पण ज्यांचा मुलगा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करतो आहे, किंवा काटे आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे बसून हुनर शिकतो आहे, त्यांच्या घरात हा विषय आज ना उद्या येतोच.

परवा यावल रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्या भाईंनी विचारले, "मास्तर, पोरगा म्हणतो कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम लिहायला एडिटर लागतो. केवढ्यात येतो तो?"

म्हटले, "भाई, एक पैसाही लागत नाही."

त्यांना ते खरे वाटले नाही. वस्तू फुकट असेल तर ती कामाची नसणार, हा बाजाराचा अनुभव. म्हणून हा पाठ. यात एडिटर म्हणजे काय, कोणता घ्यावा, आणि तो चुकीचा घेतला तर हिशेबात खोट कशी येते, हे पाहू.

प्रथम शब्दांचा अर्थ. कॅल्क्युलेटरच्या चिपला फक्त आकडे समजतात. ७४ म्हटले की ती एक काम करते, ए४ म्हटले की दुसरे. हे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येक आकड्याला एक छोटे नाव दिले : मूव्ह, अॅड, मल, डिव्ह. अशा नावांनी लिहिलेला प्रोग्राम म्हणजे असेंब्ली. ती नावे परत आकड्यांत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला असेंबलर म्हणतात. आणि ज्यात आपण ती नावे टाइप करतो, खोडतो, दुरुस्त करतो, तो एडिटर. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर असेंबलर ही कात्री आणि एडिटर म्हणजे आखणीचे टेबल व खडू. कात्री आखलेल्या रेघेवर चालते. रेघ चुकली तर कात्रीचा दोष नाही.

या विद्येचा आणि कॅल्क्युलेटरचा संबंध फार जुना आहे. बाजारात आलेला पहिला मायक्रोप्रोसेसर, इंटेलचा ४००४, हा कॅल्क्युलेटरसाठीच जन्मला. जपानच्या बिझिकॉम कंपनीला छापील हिशेब देणारे यंत्र बनवायचे होते. तिने १९६९ मध्ये इंटेलकडे काम दिले आणि १९७१ च्या नोव्हेंबरात ही चिप जाहीर झाली. टेड हॉफ, स्टॅन मेझर, फेडेरिको फॅगिन आणि जपानचे मासातोशी शिमा ही त्यामागची मंडळी. चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. पुढे फॅगिन यांनी झायलॉग ही कंपनी काढली व १९७६ मध्ये झेड-८० ही चिप आली. अमेरिकेत शाळेची मुले टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर वापरतात. टीआय-८३, टीआय-८४ प्लस या नमुन्यांत हीच झेड-८० ची जात बसवलेली होती. त्या मुलांनी कॅल्क्युलेटरवर असेंब्लीत खेळ लिहिले आणि त्यातून कित्येक जण पुढे अभियंते झाले. मूळ झेड-८० चिपच्या नव्या मागण्या घेणे झायलॉगने २०२४ मध्ये बंद केले.

आपल्याकडे हे कॅल्क्युलेटर शाळेत चालत नाहीत, किंमतही परवडणारी नाही. केवळ हौसेसाठी कोणी तो मागवू नये असे माझे मत आहे. आपला रस्ता दुसरा, आणि तो अधिक उपयोगाचा आहे. तो म्हणजे ८०५१ ही चिप. इंटेलने ती १९८० मध्ये आणली. इंटेलने स्वतः पुढे ती बनवणे थांबवले, पण तिच्या घराण्यातल्या चिप इतर कंपन्या आजही बनवतात. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हीच शिकवली जाते, आणि 'बटणांचा कॅल्क्युलेटर' हा तिच्यावरचा नेहमीचा प्रकल्प आहे. संगणक शाखेच्या मुलांना ८०८६ शिकावा लागतो. त्यांना आज्ञा वेगळ्या असतात, पण एडिटरबाबत येथे सांगितलेले बहुतेक त्यांनाही लागू पडते.

आता थेट उदाहरण घेऊ. बागवान भाईने ४२ किलो केळी १८ रुपये किलोने दिली. बिल ७५६ रुपये. हे काम ८०५१ वर तीन ओळींत होते. पडद्यावर आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. येथे त्या उच्चाराप्रमाणे देत आहे :

मूव्ह ए, #४२
मूव्ह बी, #१८
मल एबी

ए आणि बी ही चिपच्या आतली दोन रजिस्टरे. पण ही आपल्या वहीसारखी शंभर पानांची नाहीत. प्रत्येकात ० ते २५५ पर्यंतचा एकच आकडा मावतो. मग ७५६ बसणार कोठे? चिप तो दोघांत वाटते. ७५६ मध्ये २५६ दोनदा जातात, म्हणून बी मध्ये २ राहतात. उरलेले २४४ ए मध्ये राहतात. शिकाऊ मुलगा काय करतो? फक्त ए पडद्यावर पाठवतो. पडद्यावर येते २४४. असेंबलर म्हणतो, चूक शून्य. चिप म्हणते, मी काम केले. आणि बागवान भाईला ५१२ रुपयांचा खड्डा!

ही चूक कोणताही एडिटर पकडणार नाही, ती डोक्यानेच पकडावी लागते. पण दुसरी एक चूक आहे, ती मात्र चांगला एडिटर दाखवून देतो. वरच्या ओळींत आकड्यापूर्वी # हे चिन्ह आहे ना, ते विसरून पाहा. 'मूव्ह ए, ४२' असे लिहिले की चिपला वाटते, ४२ नंबरच्या खणात जे काही ठेवले आहे ते आणा. दुकानात 'बेचाळीस रुपये द्या' आणि 'बेचाळीस नंबरच्या डब्यातले द्या' यात जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे. संगणकावरच्या नकली चिपमध्ये तो खण बहुधा रिकामा असतो, म्हणून बिल शून्य येते. खऱ्या चिपमध्ये वीज सुरू होताना त्या खणात काहीही असू शकते, म्हणून बिलही काहीही येते, कधी खरे वाटेल असेसुद्धा. असेंबलर येथेही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही वाक्ये त्याच्या व्याकरणात शुद्ध आहेत.

माझ्या पाहण्यात शिकाऊ मुलांचे जितके दिवस वाया जातात, त्यांतले निम्मे या एका चिन्हापायी जातात. तेव्हा एडिटर निवडताना माझी पहिली कसोटी हीच : # मला ठळक, वेगळ्या रंगात दिसतो का?

विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या नोटपॅडमध्ये सारा मजकूर एकाच रंगात दिसतो. शिवाय एक जुनी खोड आहे. आपण फाइलला 'हिसाब डॉट एएसएम' नाव देतो आणि ते मागे गुपचूप 'टीएक्सटी' जोडते. विंडोज ते शेपूट लपवून ठेवते, असेंबलरला फाइल सापडत नाही, आणि मुलगा संगणकाला दोष देत बसतो. जतन करताना प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडले की हा त्रास जातो. पहिल्या दिवशी चार ओळी लिहायला नोटपॅड चालेल, पण पुढे नाही.

वर्डमध्ये मात्र असेंब्ली कधीच लिहू नये. अर्ज, बिल, लग्नपत्रिका यांना ते ठीक. ते सरळ अवतरणचिन्हे वाकडी करते, ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे करते आणि फाइलमध्ये स्वतःचा नको तो मजकूर भरते. असेंबलरला हवा कोरा मजकूर. काही सायबर कॅफेवाले अजून मुलांना वर्ड उघडून देतात, म्हणून हे लिहावे लागले.

माझी शिफारस नोटपॅड प्लस प्लसची. डॉन हो यांनी २००३ मध्ये ते प्रसिद्ध केले. मोफत आहे, हलके आहे आणि दुसऱ्या हाताच्या जुन्या संगणकावरही चालते. डावीकडे ओळींचे क्रमांक दिसतात. असेंबलर 'ओळ १७ मध्ये चूक' म्हणाला की बोट मोजत बसावे लागत नाही. त्यातले खरे धन मात्र रंग ठरवण्याची सोय हे आहे. लँग्वेज मेनूत 'युजर डिफाइन्ड लँग्वेज' आहे, त्यातून आपली भाषा नोंदवावी. अर्धविराम हे टिपणीचे चिन्ह म्हणून द्यावे आणि त्याला हिरवा रंग द्यावा. मूव्ह, मल, डिव्ह, अॅड, जम्प वगैरे आज्ञा निळ्या कराव्यात. # हा 'ऑपरेटर' म्हणून नोंदवून त्याला लालभडक रंग द्यावा. मग लँग्वेज मेनूच्या तळाशी आपण दिलेले नाव दिसते, ते निवडावे. हे सारे एकदाच करायचे असते, अर्ध्या तासाचे काम आहे. त्यानंतर जिथे # राहिला तिथे लाल ठिपका नाही हे लांबूनही कळते. उस्तादाने कापडावरच्या खुणेला लाल खडू का वापरावा, तसेच हे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. वीज. लिहिताना वीज गेली तर जतन न केलेला मजकूर या एडिटरमध्ये सहसा वाचतो, कारण तो दर काही सेकंदांनी स्वतःची प्रत ठेवत असतो. तरी कंट्रोल-एस दाबण्याची सवय सोडू नये.

अक्षरांचा साचा असा निवडावा की सर्व अक्षरे सारख्या रुंदीची दिसतील, आणि शून्य व इंग्रजी 'ओ', एक व इंग्रजी 'एल' यांत फरक कळेल. हेक्स आकड्यांत हे फार नडते. हेक्स आकडा अक्षराने सुरू होत असेल तर त्यापूर्वी शून्य लिहावे लागते. २४४ म्हणजे हेक्समध्ये एफ४, तो '०एफ४एच' असा लिहावा. शून्य राहिले तर असेंबलर त्याला आकडा न मानता कोणाचे तरी नाव समजतो. ही चूक निदान तो बोलून तरी दाखवतो.

उर्दू शाळेत शिकलेली मुले टिपण्या उर्दूत लिहू पाहतात, मराठी शाळेतली मराठीत. विचार चांगला आहे, स्वतःच्या भाषेतली टिपणी महिनाभराने वाचली तरी कळते. पण दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. आज्ञेच्या त्याच ओळीत उर्दू लिहिली की पडद्यावर आकड्यांची जागा उलटसुलट दिसू लागते आणि चांगल्या माणसाचीही नजर फसते. म्हणून उर्दू टिपणी स्वतंत्र ओळीवर लिहावी. दुसरे असे की एन्कोडिंग मेनूत 'यूटीएफ-८' निवडावे, 'बीओएम' जोडलेले नको. ते जोडले तर फाइलच्या सुरुवातीस तीन अदृश्य बाइट बसतात आणि जुने असेंबलर पहिल्याच ओळीवर अडतात. ओळ तर बरोबर दिसते, मग चूक कशी, असे वाटून मुलगा रडकुंडीला येतो. जुना असेंबलर देवनागरी किंवा उर्दू अक्षरांना तरीही हरकत घेत असेल तर टिपण्या सरळ रोमन अक्षरांत लिहाव्यात.

व्हीएस कोड हे मायक्रोसॉफ्टचे २०१५ पासूनचे एडिटर. तेही मोफत आहे, आणि नोकरी करणारे बरेच प्रोग्रामर तेच वापरतात. म्हणून मुले हट्ट धरतात. माझा सल्ला असा की पहिल्या दोन महिन्यांत नको. ते जड आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, ८०५१ साठी जोडणी वेगळी बसवावी लागते. आणि ते टाइप करताना शब्द सुचवत राहते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस अख्खी ओळ पुढे करतो. जाणत्याला ती मदत आहे. पण # कुठे हवा आणि कुठे नको हे ज्याला अजून कळलेले नाही, तो सुचवलेली ओळ तपासणार कशी? आधी हाताने चुका, मग मदत घ्या.

लिहिण्यापासून चालवून पाहण्यापर्यंत सारे एकाच खिडकीत देणारी सॉफ्टवेअरेही आहेत. केइल हे त्यांत नामांकित. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बहुधा हेच असते. त्याची नमुना आवृत्ती विनामूल्य मिळते, मात्र तिच्यात दोन किलोबाइटपर्यंतचाच प्रोग्राम बनतो. घाबरू नये. आपल्या तीन ओळींचे सहा बाइट होतात, दोन किलोबाइट म्हणजे २,०४८. शिकाऊ मुलाला ते पुरून उरते. केइलची अडचण वेगळी आहे. पहिला प्रोग्राम चालवण्यापूर्वी प्रोजेक्ट बनवा, चिप निवडा, फाइल जोडा, अशा इतक्या पायऱ्या असतात की मूळ विषय बाजूला राहतो.

म्हणून सुरुवातीला एडसिम-५१ बरे. ही संगणकातली नकली ८०५१ आहे. मोफत आहे, संगणकात जावा असावे लागते. तिच्यात छोटा पडदा आहे, आकड्यांचे दिवे आहेत, बटणांचा फलकही आहे. बटणे मात्र टेलिफोनसारखी बाराच : दहा आकडे, एक तारा, एक #. अधिक-वजाचे बटण नाही. ताऱ्याला 'गुणिले' आणि # ला 'बरोबर' मानून चालावे. तिचा स्वतःचा एडिटर साधा आहे. म्हणून मी असे करायला सांगतो : लिहायचे नोटपॅड प्लस प्लसमध्ये, तपासायचे एडसिममध्ये. एकेक पाऊल पुढे टाकत गेले की मल आज्ञेनंतर ए मध्ये एफ४ आणि बी मध्ये ०२ आलेले डोळ्यांनी दिसते. बी विसरल्याची चूक तेथे उघडी पडते.

थोडी प्रगती झाली की एसेम-५१ हा मोफत असेंबलर घ्यावा. तो यादीची फाइल बनवून देतो. तिच्यात प्रत्येक ओळीशेजारी चिपला गेलेले आकडे छापलेले असतात. आपल्या प्रोग्रामची यादी अशी : पहिल्या ओळीपुढे ७४ २ए, दुसरीपुढे ७५ एफ० १२, तिसरीपुढे ए४. पहिल्या ओळीत # विसरला असता तर ७४ च्या जागी ई५ आले असते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये दोन फाइली शेजारी शेजारी उघडता येतात. डावीकडे आपले लिखाण ठेवावे, उजवीकडे यादी. रोकड वही आणि खतावणी मांडून जसे आपण ताळा जुळवतो, तसा हा ताळा आहे. ज्या मुलाला ही सवय लागली त्याला पुढे कोणताही एडिटर दिला तरी अडत नाही.

ज्यांच्याकडे संगणकच नाही, फक्त मोबाइल आहे, अशी मुले आपल्यात पुष्कळ आहेत. मोबाइलवर कोरा मजकूर लिहिणारी अॅप मिळतात, पण किबोर्ड शब्द स्वतःहून सुधारतो, पहिले अक्षर मोठे करतो. ती सुधारणा आधी बंद करावी. छोट्या पडद्यावर लांब प्रोग्राम लिहिणे डोळ्यांना जाच आहे. त्यापेक्षा वहीत दोन रंगांच्या पेनाने प्रोग्राम लिहावा, बाजूला यादीचे आकडे पुस्तकातल्या तक्त्यावरून स्वतः काढावेत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत तासभर मिळाला की टाइप करावा. पूर्वी शिकणाऱ्यांना किटवर आकडेच दाबावे लागत. ती पिढी काही कच्ची निघाली नाही.

हिशेबाचे मोठे आकडे आले की दोन रजिस्टरांनीही भागत नाही. दोन बाइटांत जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात. ४२ क्विंटल केळी १,८०० भावाने दिली तर ७५,६०० रुपये होतात. दोनच बाइटांवर विसंबलेला प्रोग्राम त्यातून ६५,५३६ गाळून १०,०६४ दाखवील. म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये आकडे बहुधा दशमान पद्धतीने, प्रत्येक अंक वेगळा ठेवून, साठवतात. ८०५१ मध्ये त्यासाठी 'डीए ए' ही आज्ञा आहे. ३५ आणि ४७ हे अंक असे ठेवून बेरीज केली की आधी ७सी असे विचित्र काही येते, आणि ही आज्ञा दिली की ८२ होतात. त्याचा पाठ मोठा आहे, तो वेगळा द्यावा लागेल.

एक ताकीद मात्र आताच देतो. हे शिकल्यावर काही मुलांचे हात दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे वळतात, कारण त्याच्याही आत अशीच चिप असू शकते. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेला काटा उघडणे, त्यातला प्रोग्राम छेडणे हे शिकाऊ मुलाचे काम नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे काटा दुरुस्त करणाऱ्याला परवाना लागतो आणि दुरुस्तीनंतर काटा पुन्हा तपासून शिक्का घ्यावा लागतो. गुन्हा दुकानदाराबरोबर काटा छेडणाऱ्या मुलाच्या नावावरही चढू शकतो. सराव नकली चिपवर किंवा स्वतः जोडलेल्या बोर्डावर करावा.

आता घरचा अभ्यास. ९९ किलो माल २८ रुपये किलोने. वरच्या तीन ओळींत आकडे बदला, # लाल दिसतो ना ते पाहा, एडसिममध्ये पाऊल पाऊल चालवा. ए मध्ये २१२ म्हणजे डी४ आणि बी मध्ये १० म्हणजे ०ए यायला हवेत. १० गुणिले २५६ अधिक २१२, एकूण २,७७२ रुपये. मग एकदा मुद्दाम # काढून चालवा आणि काय येते ते वहीत लिहून ठेवा.